वॉशिंग्टन आडनावाची माणसं

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि पुढच्या काही वर्षांत ते घराघरांत पोचलं. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीची तर पानं सुटायला आली होती. सातवी-आठवीची मुलं पाळीपाळीनं ते घरी न्यायची. एकदा मधल्या सुट्टीत त्यांतला एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, कार्व्हरचं पूर्ण नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. त्याला शिकवायला बोलावलं ते बुकर टी. वॉशिंग्टननी. आणि अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. हे सगळे एकमेकांचे कोण?"

"कोणी नाहीत," मी म्हणालो.

"मग नाव एकच कसं?"

घंटा व्हायला आली होती. मी शिक्षकाचं ठेवणीतलं उत्तर दिलं, "अरे, गुलामांना मालकाचं आडनाव लागायचं." मुलगा गेला. त्याचं समाधान झालं असावं. माझंही झालं होतं. पुढे निवृत्तीनंतर सवडीनं वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की माझं ते उत्तर निम्मं चुकीचं होतं, आणि उरलेलं निम्मं फार घाईचं. आज बोलणार आहे ते त्याच प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात अमेरिकेत नाही, इंग्लंडमध्ये आहे. उत्तर-पूर्व इंग्लंडात, संडरलंड शहराच्या पश्चिमेला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. जुन्या डरहॅम परगण्यातलं. पुढच्या काळात कोळशाच्या खाणींसाठी ओळखलं गेलेलं आणि १९६४ नंतर नियोजित नगर म्हणून वाढवलेलं. नाव मात्र अँग्लो-सॅक्सन काळातलं. त्या भाषेत 'टून' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, शेतवाडी. आजचा 'टाऊन' हा शब्द त्यातूनच आला. मधला 'इंग' हा प्रत्यय त्या वस्तीचा संबंध माणसाशी जोडतो, आणि तो माणूस होता ह्वासा नावाचा कुणीतरी. ह्वासाची वाडी. आपल्याकडे असता तर वासूची वाडी म्हटलं असतं. इतिहासात या ह्वासाची दुसरी कसलीच खूण नाही. पण आज एका महासत्तेची राजधानी, एक अख्खं राज्य आणि अमेरिकेतले लाखो लोक या अज्ञात शेतकऱ्याचं नाव घेऊन वावरतात.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. तोवर सामान्य इंग्रज माणसाला एकच नाव असे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव ही पद्धत नॉर्मन सरदारांबरोबर रुजली, आणि ती खालच्या थरांपर्यंत झिरपायला तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत वेळ लागला. मग लोहाराचा स्मिथ झाला, शिंप्याचा टेलर झाला, जॉनच्या मुलाचा जॉन्सन झाला. जमीनदारांची आडनावं मात्र बहुतेक गावांवरून पडली. आपल्याकडे गावाच्या नावापुढे 'कर' लागतो. नॉर्मनांच्या फ्रेंचमध्ये तेच काम 'द' करायचा, फक्त तो गावाच्या आधी यायचा.

डरहॅमच्या बिशपनं ११८३ साली आपल्या जमिनीची मोजदाद करून घेतली. त्या दप्तराला 'बोल्डन बुक' म्हणतात. हा बिशप नुसता धर्मगुरू नव्हता; उत्तर सीमेवरचा जवळजवळ स्वतंत्र राजाच होता. त्याच्या दप्तरात एक नोंद आहे : विल्यम द हर्टबर्न या सरदारानं आपलं हर्टबर्न गाव देऊन त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं आहे. त्यासाठी त्यानं बिशपला ठराविक रक्कम द्यायची, आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला आपली शिकारी कुत्री घेऊन हजर राहायचं. झालं! गाव बदललं तसं आडनावही बदललं. विल्यम द हर्टबर्नचा विल्यम द वेसिंग्टन झाला. मला या नोंदीची गंमत वाटते. हा अदलाबदलीचा व्यवहार झाला नसता तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज कदाचित हर्टबर्न असतं. इंग्रजीत याच उच्चाराचा एक शब्द छातीतल्या जळजळीला वापरतात.

घराण्याच्या पुढच्या पिढ्यांचा सगळा तपशील इथे सांगत नाही, तो वंशावळीच्या शौकिनांसाठी आहे. स्पेलिंग मात्र दर पिढीला बदलत गेलं. पंधराव्या शतकात डरहॅमच्या मठाचा प्रमुख जॉन वेसिंग्टन होता, तो याच आडनावाचा. घराण्याची एक शाखा पश्चिमेकडे सरकत लँकेशायरमधल्या वॉर्टनला गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारासाठी दक्षिणेला नॉर्दम्प्टनला आला, तिथला महापौर झाला. आठव्या हेन्रीनं ख्रिस्ती मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली या लॉरेन्सनं सल्ग्रेव्ह गावची जहागीर विकत घेतली आणि तिथे वाडा बांधला. वाड्याच्या दारावर त्यानं घराण्याचं चिन्ह कोरून घेतलं : ढालीवर दोन आडवे पट्टे आणि त्यांच्यावर तीन तारे. हे पट्टे-तारे लक्षात ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरचे तारे आणि पट्टे यांच्यावरून आले असं हौशी लोक सांगतात. त्याला पुरावा नाही. पण ते दुसऱ्या एका ध्वजावर नक्की आहेत. त्याकडे नंतर येतो.

सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टनांचा आणखी एक वंशज, त्याचंही नाव लॉरेन्सच, एसेक्समधल्या पर्ली गावचा धर्मोपदेशक होता. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध पेटलं. हा राजाच्या बाजूचा. १६४३ साली पार्लमेंटच्या लोकांनी त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर हा गुत्त्यात बसून असतो. खरंखोटं देव जाणे. राजकीय विरोधकाला घालवायला दारूचा आरोप तेव्हाही सोयीचाच होता. उत्पन्न गेलं. गरिबीत तो १६५३ साली वारला. बापाची इस्टेट नाही, राजाश्रय नाही, अशा स्थितीत त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापाराच्या एका जहाजावर नोकरीला लागून १६५६-५७ मध्ये व्हर्जिनियाला पोचला. परतीच्या वाटेवर ते जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. जहाज दुरुस्त होईपर्यंत जॉननं तिथेच राहायचं ठरवून टाकलं. एका धनिकाच्या मुलीशी लग्न झालं आणि सासऱ्यानं ७०० एकर जमीन दिली.

या जॉनचा पणतू म्हणजे १७३२ साली जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन.

जॉर्जला स्वतःला या सगळ्या कुळकथेचं फारसं कौतुक नव्हतं. तो अध्यक्ष असताना, १७९१ मध्ये, लंडनच्या वंशावळ-अधिकाऱ्यानं पत्र पाठवून त्याच्या पूर्वजांची माहिती विचारली. त्यानं उत्तर पाठवलं, ते सभ्य पण कोरडं होतं. या विषयाकडे आपण फार कमी लक्ष दिलं आहे, आपले पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातून आले एवढंच ऐकून आहोत, असा त्याचा आशय.

इथवर ही एका इंग्रज घराण्याची सरळ गोष्ट आहे. पण व्हर्जिनियातली ७०० एकर तंबाखू कोण लावणार, कोण खुडणार? जॉन पोचला त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १६१९ मध्ये, आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं व्हर्जिनियात उतरवली गेली होती. १६६२ मध्ये तिथे कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं मानावं. म्हणजे आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप कुणीही असो. जॉर्जचे वडील वारले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वारशात त्याला जमिनीबरोबर दहा माणसं मिळाली. १७९९ साली तो वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवर ३१७ गुलाम होते.

त्या वर्षी त्यानं स्वतः त्यांची यादी करवून घेतली. नाव, काम, नवरा किंवा बायको कोण, असे रकाने. मी ती यादी पाहिली तेव्हा आधी आडनावं शोधली. जवळपास सगळीकडे एकच नाव. नुसतं टॉम, नुसती सॅली. गुरांच्या नोंदवहीत असावीत तशी. ज्यांना आडनावं आहेत ती थोडीच, आणि त्यांतलं एक म्हणजे विल्यम ली. हा जॉर्ज वॉशिंग्टनचा खास सेवक. क्रांतियुद्धात पूर्ण काळ त्याच्या घोड्यामागे घोडा घेऊन असलेला. वॉशिंग्टननं त्याला १७६८ मध्ये ली नावाच्या माणसाच्या विधवेकडून विकत घेतलं होतं. एकतीस वर्षं वॉशिंग्टनची सेवा करूनही हा माणूस लीच राहिला. त्यानं नाव बदललं नाही.

तेव्हा माझ्या त्या ठेवणीतल्या उत्तराला पहिला तडा इथेच गेला. मालक वॉशिंग्टन म्हणून गुलाम वॉशिंग्टन, हे इतकं यांत्रिक नव्हतं. हर्बर्ट गटमन या इतिहासकारानं १९७६ च्या आपल्या ग्रंथात गुलामांच्या कुटुंबांचा बारकाईनं अभ्यास मांडला. त्याला आढळलं की मालकाच्या वहीत आडनाव नसलं तरी आपापसांत अनेक कुटुंबं आडनावं चालवत होती. आणि ती बहुधा सध्याच्या मालकाची नसत. पहिल्या, जुन्या मालकाची असत. कारण मालक बदलत राहायचे. बाप एकाला विकला जायचा, मुलगी दुसऱ्याला. मग दूरच्या इस्टेटीवर विकलेल्या आपल्या माणसाशी धागा राहायचा तो या जुन्या आडनावानंच. मालकाचा शब्द, पण त्यात राखलेलं नातं त्यांचं स्वतःचं.

तरीही वॉशिंग्टनच्या घरून निघालेला, त्याचंच नाव घेतलेला एक माणूस होता. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

त्याचं नाव हॅरी. आफ्रिकेत गांबिया नदीच्या परिसरात जन्मलेला. १७६३ च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टननं त्याला विकत घेतलं. १७७१ मध्ये तो एकदा पळाला आणि पकडला गेला. मग क्रांतियुद्ध सुरू झालं. बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूला येतील त्यांना मुक्त करू, असं व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरनं १७७५ साली जाहीर केलं. जॉर्ज वॉशिंग्टन स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेचा सेनापती झाला. आणि १७७६ मध्ये हॅरी आपल्या स्वातंत्र्यासाठी त्याच्या शत्रूला जाऊन मिळाला. युद्ध संपल्यावर, १७८३ च्या मे महिन्यात, वॉशिंग्टननं ब्रिटिश सेनापती कार्लटनची भेट घेऊन आपल्या लोकांचे पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटननं नकार दिला. ज्यांना शब्द दिला त्यांना आम्ही परत देणार नाही, म्हणाला. पुढेमागे नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर हिशेब असावा म्हणून न्यूयॉर्क बंदरातून जाणाऱ्या अशा सुमारे तीन हजार माणसांची एक नोंदवही तेवढी ठेवली गेली. त्या वहीत ही नोंद आहे : हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, आधी जनरल वॉशिंग्टन यांची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला.

सोडून आला! वहीतला हा शब्द मला फार आवडतो. पळाला असं नाही लिहिलं.

हॅरी कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेला. तिथे थंडी, खडकाळ जमीन, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा जाच. १७९२ मध्ये सुमारे बाराशे कृष्णवर्णीयांबरोबर तो जहाजानं परत आफ्रिकेला, सिएरा लिओनला गेला. फ्रीटाऊन वसवणाऱ्या पिढीतला तो एक. पण तिथला कारभार एका इंग्रज कंपनीकडे होता आणि कंपनीनं जमिनीवर सारा बसवला. वसाहतीतल्या लोकांनी १८०० साली बंड केलं. आम्हाला न विचारता लादलेला कर आम्ही देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हेच कारण पुढे करून पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेनं इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचललं होतं. बंड मोडलं, हॅरीला खाडीपलीकडे हद्दपार केलं, आणि तिथल्या हद्दपारांचा तो पुढारी झाला. माउंट व्हर्ननचा धनी काही महिन्यांपूर्वीच वारला होता. दोन वॉशिंग्टन, दोन बंडं. एकाचा पुतळा झाला. दुसऱ्याचं नाव मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि मी इतिहासाचा शिक्षक होतो.

आता जॉर्जच्या मृत्युपत्राकडे येऊ. त्याच्या ३१७ गुलामांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते. बाकीचे बहुतेक बायको मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, त्यांना मुक्त करायचा अधिकार त्या दोघांनाही नव्हता. आपल्या १२३ जणांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावं, असं त्यानं लिहून ठेवलं. विल्यम लीला मात्र ताबडतोब, वर तहहयात पेन्शन. मार्थानं वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी बाकीच्यांना सोडलं. तिच्या उदारपणाचं कौतुक होतं. पण आपल्या मरणाची वाट पाहणारी शंभरावर माणसं घराभोवती असणं कुठल्या बाईला सोसवेल, हेही मनात येतं. शिवाय यात कुटुंबं फाटली. नवरा जॉर्जच्या यादीतला म्हणून सुटला, बायको-मुलं मार्थाकडची म्हणून राहिली.

जॉर्जला मूल नव्हतं. माउंट व्हर्नन पुतण्याकडे गेलं, बुशरॉड वॉशिंग्टनकडे. हा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. त्यानं १८२१ मध्ये आपल्याकडचे ५४ गुलाम लुइझियानाला विकून टाकले. घराण्याच्या इतर शाखांच्याही इस्टेटी होत्या, तिथेही गुलाम होते. तेव्हा काही कुटुंबांना वॉशिंग्टन हे नाव या मार्गानं चिकटलं, यात शंका नाही. माझ्या उत्तराचं बरोबर असलेलं निम्मं ते एवढंच.

उरलेलं निम्मं १८६५ नंतरचं आहे. यादवी युद्ध संपलं, घटनेत दुरुस्ती झाली आणि सुमारे ४० लाख माणसं मुक्त झाली. मुक्त माणसाला पूर्ण नाव लागतं. मजुरीचा करार करायचा, लग्नाची नोंद करायची, सैन्यातलं निवृत्तिवेतन मागायचं, मुलाला शाळेत घालायचं, दर ठिकाणी कारकून विचारणार, पूर्ण नाव काय? त्यासाठी सरकारनं काढलेल्या खात्याच्या नोंदवह्या आजही आहेत. (याच सुमाराला, १८७३ मध्ये, इकडे पुण्याला जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.) ज्यांच्याकडे कुटुंबाचं जुनं आडनाव होतं त्यांनी ते आता उघडपणे सांगितलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी निवडलं. आणि निवडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी वॉशिंग्टन निवडलं.

का, याची कारणं एकाहून अधिक आहेत. हे देशातलं सगळ्यात मानाचं नाव होतं. त्याच्या मृत्युपत्रातली मुक्तीची कलमं छापून देशभर गेली होती. फिलाडेल्फियातले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रिचर्ड ॲलन यांनी १७९९ च्या डिसेंबरातच आपल्या प्रवचनात त्याबद्दल वॉशिंग्टनची स्तुती केली होती. आणखी एक साधं कारण लोक विसरतात. तोवर वॉशिंग्टन हे पहिलं नाव म्हणूनही सर्रास ठेवलं जात होतं, गोऱ्यांत आणि काळ्यांतही. वॉशिंग्टन आयर्व्हिंग हा लेखक सगळ्यांना माहीत असतो. बापाचं नाव वॉशिंग्टन असेल तर मुलाचं आडनाव वॉशिंग्टन, जॉनच्या मुलाचा जॉन्सन झाला तसं.

बुकर टी. वॉशिंग्टनचं अगदी हेच झालं. १८५६ साली व्हर्जिनियातल्या एका शेतावर हा मुलगा जन्मला. मालक वारल्यावर १८६१ मध्ये इस्टेटीची यादी झाली, त्यात 'निग्रो मुलगा बुकर, किंमत ४०० डॉलर' अशी नोंद आहे. मुक्तीनंतर आई त्याला घेऊन वेस्ट व्हर्जिनियात मिठाच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या सावत्र बापाकडे गेली. बापाचं नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन. पुढचा प्रसंग बुकरनं १९०१ च्या आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. शाळेचा पहिला दिवस. मास्तर हजेरी मांडताहेत. इतर मुलांना दोन-दोन नावं आहेत, कुणाला तर तीन. याला मात्र जन्मापासून एकच, बुकर. आपली पाळी जवळ येते तसा तो अस्वस्थ होतो. आणि मास्तरांनी विचारल्यावर, जणू आयुष्यभर हेच नाव आहे अशा थाटात शांतपणे सांगतो, "बुकर वॉशिंग्टन."

मी तीस वर्षं हजेरी घेतली आहे. नाव सांगताना चाचरणारी मुलं पाहिली आहेत. हा प्रसंग वाचला त्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ पुढे वाचलं नाही.

मधलं 'टी' नंतर आलं. आईनं आपलं नाव टॅलिआफेरो ठेवलं होतं असं त्याला पुढे कळलं, ते त्यानं मध्ये घातलं. मुक्तीनंतरच्या नावांबद्दल त्यानं आणखीही एक निरीक्षण नोंदवलं आहे. जुन्या मालकाचं आडनाव लावणं लोकांना बरोबर वाटत नसे, आणि अनेक जण नावाच्या मध्ये एखादं अक्षर घालून घेत. जॉन एस. लिंकन, असं. त्या 'एस'चा अर्थ काहीच नव्हता. पण पूर्ण माणसाच्या नावात मध्ये एक अक्षर असतं, मग आपल्यालाही त्याचा हक्क आहे, एवढं पुरेसं होतं.

पुढच्या पिढ्यांना हे सगळं मान्य होतंच असं नाही. माल्कम लिटलनं आडनाव टाकून त्या जागी 'एक्स' लावला, कारण आफ्रिकेतलं खरं नाव पुसलं गेलं आणि हे मालकानं लादलेलं, अशी त्याची भूमिका. १९६४ मध्ये कॅशियस क्ले मुहम्मद अली झाला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण शाळेतल्या त्या बुकरवर कुणी काही लादलं नव्हतं, हेही खरं. मला स्वतःला या वादात बुकरची बाजू जवळची वाटते. कदाचित मी शिक्षक आहे म्हणून.

२००० सालच्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक नोंदले गेले. त्यांतले शंभरातले नव्वद आफ्रिकन-अमेरिकन होते. देशातल्या प्रचलित आडनावांत एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच आडनावाचं नव्हतं. त्या खालोखाल होतं जेफरसन, शंभरात पंचाहत्तर. नॉर्मन सरदाराचं हे नाव आज डेन्झेल वॉशिंग्टनचं आहे, शिकागोचे १९८३ मध्ये निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांचं आहे. डायना वॉशिंग्टन ही गायिका तर जन्मानं रूथ जोन्स. तिनं रंगमंचासाठी हे नाव घेतलं.

इंग्लंडातल्या वॉशिंग्टन गावात सरदाराच्या जागेवरचं जुनं घर अजून उभं आहे. १९३६ मध्ये ते पाडायचं ठरलं होतं, गावकऱ्यांनी वाचवलं. दर ४ जुलैला तिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा छोटा समारंभ होतो. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर त्या गावात येऊन झाड लावून गेले. आणि मघाचे ते पट्टे-तारे? १९३८ मध्ये राजधानी वॉशिंग्टन शहरानं आपला ध्वज ठरवला, तो म्हणजे जसंच्या तसं वॉशिंग्टन घराण्याचं चिन्ह. पांढऱ्यावर दोन लाल आडवे पट्टे, वर तीन लाल तारे. त्या शहराला स्वतःचा महापौर निवडायचा हक्क शंभर वर्षं नव्हता. तो मिळाल्यावर १९७४ मध्ये निवडणूक झाली आणि शहरानं निवडून दिले वॉल्टर वॉशिंग्टन. त्यांचे पणजोबा-पणजी गुलामगिरीतून आलेले. १९७५ च्या जानेवारीत त्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या शहराच्या ध्वजावर विल्यम द वेसिंग्टनच्या वंशजांची ढाल होती.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. तो मुलगा, म्हणजे आता चांगला पोट सुटलेला गृहस्थ, भेटला. मी त्याला म्हणालो, तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. त्याला प्रश्न आठवतच नव्हता. पुस्तक मात्र आठवत होतं. मग चहा घेता घेता हे सगळं त्याला सांगितलं. ऐकून म्हणाला, "पण सर, कार्व्हरच्या मधल्या वॉशिंग्टनचं काय? ते राहिलंच."

ते राहिलं होतं खरं. कार्व्हर लहानपणी 'कार्व्हरचा जॉर्ज' होता, म्हणजे मोझेस कार्व्हर या मालकाचा. शिकण्यासाठी घर सोडून निओशो गावी गेला तेव्हाही त्यानं नाव तसंच सांगितलं. त्याला आसरा देणाऱ्या मरायाबाईंनी सांगितलं, आजपासून तू जॉर्ज कार्व्हर. पुढे कॅन्ससमधल्या एका गावात दुसराही एक जॉर्ज कार्व्हर निघाला आणि दोघांच्या पत्रांची गल्लत व्हायला लागली. म्हणून यानं आपल्या नावात मध्ये 'डब्ल्यू' घातला. नुसतं अक्षर. कुणीतरी विचारलं, हा डब्ल्यू वॉशिंग्टनचा का? तर म्हणाला, असायला काय हरकत आहे! लोकांनी ते नाव उचललं. सही मात्र तो पुढेही 'जॉर्ज डब्ल्यू. कार्व्हर' अशीच करत राहिला.